पाव्हणीची ओटी

उंब्रजच्या आकारामाच्या घरी दिवस उगवायचा तो बहिणीच्या हातानं. म्हशीची धार, चूल, भाकरी, मग उसाची भांगलण. हरणाबाईला नवऱ्यानं टाकलं, ती भावाकडं आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. कपाळाला कुंकू होतं आणि निजायला गोठ्याशेजारची पडवी.

त्या साली गावठाणात बेघरांना जागा मिळणार होत्या. हरणाबाईनंही मागितली. ती गावची कायमची रहिवासी आहे, एवढंच भावानं चावडीत सांगायचं होतं.

"हरणाबाई हितं कायम ऱ्हाती का रं, आकाराम?" सरपंच नाथाजींनी विचारलं.

'व्हय' ओठांवर आलंच होतं. पण चुलतभाऊ भाऊसो कानाशी लागला. "एकदा हितली म्हनलास, की उद्या बापाच्या जमिनीत हिस्सा मागंल. बघ गड्या."

"तशी... पाव्हणीच हाय," आकाराम म्हणाला. दाराशी उभ्या हरणाबाईकडं त्याला बघवलं नाही.

तो घरी आला तेव्हा म्हैस हंबरत होती, चूल गार होती. हरणाबाई हातपाय धुऊन, गाठोडं घेऊन सोप्यात पाटावर बसली होती. त्याची बायको विजयमाला गोंधळून उभी.

"आवं, वन्सं वटी भरा म्हंत्यात!"

"व्हय वैनी. पाव्हणी निघाली की भरत्यात न्हवं? इतकी वर्सं मी निघालेच न्हाई, म्हणून ऱ्हायली. आज भरा."

विजयमालानं तांदूळ-नारळ आणला, पण ओंजळ पदरापाशी जाऊन थांबली. "कुटं जानार, वन्सं?"

"माज्या घरी. पाव्हणीला घर असतंच की. कुटं हाय ते दादाला इचारा."

आकारामाची मान खाली गेली. पायाखालची जमीन तिनंच सारवलेली होती. त्याची पोरं तिच्याच मांडीवर निजून मोठी झाली होती. तिला घराबाहेर काढायला आपल्याला एक शब्द पुरला! चपला घालून तो पुन्हा चावडीकडं निघाला.

"लिवा सरपंच, मगाशी मी खोटं बोललो. हरणा हितलीच हाय. कायमची."

"आन हिस्सा मागितला म्हंजे?" भाऊसो हसला.

"तर दीन. बाप तिचाबी हुता."

घरी येऊन तो म्हणाला, "हरणे, सांगून आलो. ऊठ, आत चल."

ती उठली, पण म्हशीकडं गेली. मुकं जनावर ताटकळत ठेवणं तिला जमेना. धार काढली, चूल पेटवली. गाठोडं मात्र सोप्यातच राहिलं, बांधलेलं.

"जागा मिळंपतोर हाय, दादा," ती शांतपणे म्हणाली.

त्या दिवसापासून आकाराम स्वतःच्या घरात शिरतो, तो गाठोड्याला वळसा घालून.