बर्निसने धुतलेली बाहुली

बर्निसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, साखरेच्या डब्याला टेकून बसलेली मी एक चिंधीची बाहुली बोलतेय. मला डोळा एकच आहे, तोही फिसकटलेला. तोंड नाही. पण तोंड असलेली माणसं तरी रोज काय मोठं मोलाचं बोलतात ते मी ऐकतेच आहे, तेव्हा तोंडावाचून माझं अडत नाही.

माझा जन्म मार्चमधला, ओहायोतल्या टेकड्यांमधल्या एका लहान गावी, आर्डिथच्या जेवणाच्या टेबलावर. आर्डिथ एकोणीस वर्षं मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची. तो कारखाना बंद पडला आणि ती घरी बाहुल्या शिवायला लागली. साध्या मांजरपाटाच्या, शंभर वर्षांपूर्वी शेतावरच्या बायका पोरींसाठी शिवायच्या तशा: हात लांब, पाय काडीसारखे, झग्याला धान्याच्या पोत्याचं फुलाफुलांचं कापड, तेव्हा तिकडे पोतीसुद्धा छापील सुती कापडाची यायची.

शिवून झालं की मी पांढरीशुभ्र होते. पण या धंद्यात पांढऱ्या बाहुलीला कुणी विचारत नाही. लोकांना जुनी हवी असते. म्हणून मोठ्या पातेल्यात कडक कॉफी उकळायची, त्यात दालचिनी आणि व्हॅनिला घालायचं, आम्हाला त्यात बुडवून पिळायचं, मुद्दाम इथेतिथे डाग पाडायचे आणि मंद ओव्हनमध्ये ट्रेवर निजवायचं. मी भाजून निघाले तेव्हा शंभर वर्षांची दिसत होते आणि वास केकचा येत होता. मग आर्डिथने शाईच्या पेनाने दोन टिंबं आणि एक बारीक रेघ काढली. झाला चेहरा.

शेवटी पायाला गंजलेल्या सेफ्टी पिनेने एक चिठ्ठी. पीनही व्हिनेगरमध्ये बुडवून गंजवलेली, पण चिठ्ठीवरचा मजकूर मात्र खरा: ‘बनवली आर्डिथने’, आणि खाली साल. ही चिठ्ठी कशी सुरू झाली ते ती येईल त्याला सांगायची. पहिल्याच जत्रेत एक म्हातारी बाहुली छातीशी धरून रडायला लागली. अगदी आईने दिलेल्या बाहुलीसारखी आहे म्हणाली, केवढी जुनी आहे हो ही? आर्डिथच्या तोंडून निघून गेलं, “मंगळवारची.” म्हातारीने बाहुली खाली ठेवली. तेव्हापासून आर्डिथ आधीच लिहून ठेवते.

त्या वर्षी आम्ही साठजणी होतो. मोठ्या रस्त्यावर वेंडेल म्हणून एकाचं दुकान आहे. शरदात झाडांची पानं रंगतात ती बघायला शहरातली माणसं बस भरभरून येतात, ती त्याच्याकडे थांबतात. साठ बाहुल्या एका शनिवारी तयार हव्यात, म्हणाला, आणि माल पसंत पडला तर दाराजवळचं फडताळ वर्षभर आर्डिथचं. नाही पडला, तर आर्डिथने कोंबड्या कापून भरायच्या कारखान्यात कामाचा अर्ज आणून ठेवलाच होता. तो फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता. येता-जाता ती त्याच्याकडे बघायची नाही, हे मी बघायची.

आम्ही तळघरात खोक्यांत भरून ठेवलेल्या. माल द्यायच्या आठवड्यातच आर्डिथच्या नवऱ्याच्या, मर्लच्या, डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती त्याला घेऊन तीन दिवस शहरात गेली आणि घर सोपवून गेली नणंदेवर. ती बर्निस.

बर्निस टोलीडो शहरातल्या एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं होती. निवृत्त होऊन वसंतातच गावी परतली होती. तिने आम्हाला मार्चमध्ये पाहिलं होतं, पांढऱ्याशुभ्र असताना. आणि मे महिन्यात आर्डिथच्या तळघरात पाणी शिरलं होतं, हेही तिने ऐकलं होतं. गुरुवारी ती कुत्र्याचं खाणं काढायला खाली आली, खोकं उघडलं, आणि मला पाय धरून उचललं.

“अगं बाई गं, केवढी बुरशी ही! बिचारीने सांगितलं पण नाही कुणाला!”

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बर्निसने बाह्या वर केल्या. साठही चिठ्ठ्या पिना न वाकवता काढून मुरंब्याच्या बरणीत ठेवल्या. गरम पाणी, ब्लीच, पुन्हा गरम पाणी, आणि ज्या डागांवर आर्डिथने चमच्या-चमच्याने कॉफी ओतली होती त्यांना वेगळा साबण. काम करताना ती गुणगुणत होती. एवढं मन लावून मला पुन्हा कुणी हात लावला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. शुक्रवारी सकाळी आम्ही साठजणी अंगणातल्या दोरीवर पायांनी लटकत होतो. कॉफी गेली होती, झग्यावरची फुलं गेली होती, आणि चेहरे गेले होते. मला दिसायचं मात्र थांबलं नाही. कसं ते विचारू नका.

दुपारी आर्डिथची गाडी आली. मर्ल डोळ्याला पट्टी बांधून उतरला आणि उरलेल्या डोळ्याने दोरीकडे बघून म्हणाला, “बदकं वाळत घातलीस का, बर्निस?”

आर्डिथ गाडीचं दार उघडंच टाकून दोरीपाशी गेली.

“एक डाग राहिला नाही बघ!” बर्निस पुढे झाली. “बुरशी एवढी मुरलेली की काय सांगू. चेहरे तेवढे गेले, पण ते काय, तू पेनाने दोन टिंबं देशील. अगं, अशी काय बघतेस?”

“बुरशी नव्हती ती, बर्निस. कॉफी होती.”

“कॉफी सांडली? साठ बाहुल्यांवर?”

“सांडली नाही. मी ओतली.”

बर्निसला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती पायरीवर बसली. “मुद्दाम? कपडा मुद्दाम मळवायचा? आणि लोक घेतात?” मग हळूच, “मला मेलीला कुणी सांगायचं होतं तरी.”

आर्डिथने हात-पाय गाळले नाहीत. दोरीवरून पहिली मीच हाताला लागले. तिने डोळ्याच्या जागी पेन टेकवलं, तर कापडातला कडकपणा निघून गेलेला, शाई सरसर पसरली आणि माझ्या तोंडावर बुक्का मारल्यासारखा डाग पडला. तिने पेनाला टोपण लावलं. पुन्हा बुडवून, वाळवून, भाजून साठ बाहुल्या एका दिवसात होणाऱ्या नव्हत्या.

शनिवारी वेंडेल गाडी घेऊन आला. आम्ही टेबलावर ओळीने मांडलेल्या. झालेलं सगळं आर्डिथने त्याला सरळ सांगून टाकलं. तो ऐकत ऐकत एकेकीला उलटीसुलटी करत होता. मला बघून त्याने बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “ह्या तर आमिश बाहुल्या झाल्या, आर्डिथ.”

टेकडीपलीकडे आमिश लोकांची शेतं आहेत. बग्ग्यांतून येतात-जातात, घरात वीज घेत नाहीत. त्यांच्या पोरींच्या बाहुल्यांना चेहरा नसतो. चेहरा देणं देवाचं काम, असं ते मानतात. शहरातल्या लोकांना त्या बाहुल्यांचं भारी वेड.

“मी कुणाला खोटं सांगणार नाही,” वेंडेल म्हणाला. “लोक काय समजायचं ते समजतील. ठरलेल्याच्या दुप्पट देतो. दाराजवळचं फडताळही तुमचं. फक्त त्या चिठ्ठ्या नकोत.”

चिठ्ठ्या बरणीतच होत्या. म्हणजे आर्डिथला काही करायचंसुद्धा नव्हतं. बरणी उघडायची नाही, एवढंच.

“देऊन टाक गं,” बर्निस तिच्या कानाशी लागली. “माझ्यामुळे झालंय. कोंबड्यांत जाऊन उभी राहिलीस तर मी तोंड कुठे लपवू?”

आर्डिथने फ्रिजकडे पाहिलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदाच त्या अर्जाकडे नीट पाहिलं.

“कुणी विचारलं, कुणी बनवली, तर?”

“मला ठाऊक नाही म्हणेन,” वेंडेल म्हणाला.

“मला ठाऊक आहे ना पण.” तिने बरणी ओढली, झाकण फिरवलं आणि चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. पहिली घेतली, तिच्या नावाखाली अजून एक ओळ लिहिली आणि माझ्या पायाला टोचली. बर्निसने चष्मा शोधून वाचली: ‘धुतली बर्निसने’.

“माझं नाव कशाला? गावभर शोभा करायची माझी?”

“एकतीस वर्षं चादरी धुतल्यास,” आर्डिथ दुसरी चिठ्ठी लिहीत म्हणाली. “एकीवर तरी कुणी तुझं नाव लावलं?”

बर्निसने नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि एका बाजूने पिना टोचायला लागली.

वेंडेलने उभ्या उभ्या कॉफी घेतली. ओळखीखातर बारा बाहुल्या नेल्या, जुन्या भावाने, चिठ्ठीसकट, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला मेणबत्त्यांपाशी ठेवल्या. दाराजवळचं फडताळ दुसऱ्याला गेलं. सोमवारी आर्डिथने अर्ज नेऊन दिला.

हे झालं त्याला आता तीन वर्षं होतील. आर्डिथ अजून सकाळच्या पाळीला कोंबड्यांच्या कारखान्यात उभी असते. कामावरून आली की हात लिंबाने चोळते. शनिवारी दोघी इथे बर्निसच्या टेबलापाशी बसतात. एक शिवते, दुसरी कॉफीचं पातेलं ढवळते आणि दर वेळी म्हणते, “एवढं चांगलं कापड, जिवावर येतं बाई!” जत्रेत टेबल बर्निस सांभाळते. माणूस थांबला की चिठ्ठी त्याच्या नाकापुढे धरते आणि “ती बर्निस मीच” म्हणून सगळी हकिकत ऐकवते. हसत हसत काहीजण घेतात, काहीजण नुसतेच हसून पुढे जातात. धुतलेल्या साठांतल्या बऱ्याच गेल्या. मला मात्र बर्निस विकू देत नाही. का, ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारायला तोंड कुठून आणू?

माझं एवढंच म्हणणं आहे. तुम्हाला कुठल्या दुकानात, जत्रेत, कुणाच्या दिवाणखान्यात माझ्यासारखी पांढरी, बिनचेहऱ्याची बाहुली दिसली, आणि कुणी तुम्हाला तिची भारी जुनी गोष्ट सांगायला लागलं, तर गोष्ट ऐका, पण तिला उलटी करून पायाची चिठ्ठीही वाचा. चिठ्ठी नसेल, तर ती आमच्यातली नाही.