उंबऱ्यावरची गोळी

कौसल्यानं आपल्या थोरल्या दिराचा चेहरा कधी पाहिला नव्हता. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून बाबाजीच्या टाचा, त्याच्या वहाणा आणि त्याचा खोकला एवढंच तिच्या ओळखीचं. थोरल्या दिरासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, तो ओसरीवर आला की पदर नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करायचं. त्यानंही खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. अळणावरच्या बाजूच्या त्या गावात घरोघर हीच रीत होती आणि ती कुणाला खटकत नव्हती. कौसल्यालाही नाही.

खटकायला लागली ती तिला औषधाची पेटी मिळाल्यावर.

आणीबाणी उठून गेल्यानंतरचे ते दिवस. डॉक्टर काही खेड्यात राहायला येत नाहीत, तेव्हा गावातलीच बाई शिकवून तयार करावी, असं धारवाडच्या एका संस्थेनं ठरवलं. बाई कुठली घ्यायची यावर बराच काथ्याकूट झाला. लेक नको, ती लग्न होऊन निघून जाते. सून घ्या, ती कुठं जातेय! हिशेब चोख होता. फक्त अर्ध्या गावासमोर जिला तोंड उघडता येत नाही ती अर्ध्या गावाला औषध कसं देणार, हे बैठकीत कुणी विचारलं नाही. बैठकीत सगळे पुरुष होते.

कौसल्या चौथी शिकलेली म्हणून तिची निवड झाली. धारवाडातच, सप्तापुरात एका भाड्याच्या खोलीत शिकवणी होती, शिकवायला अंबूताई. सगळं आयुष्य परिचारिका म्हणून काढलेली, आवाजानं खणखणीत बाई. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "तुम्ही उपकार करायला चाललेला नाही. गावात सुतार असतो, लोहार असतो, तशा तुम्ही. काम येतं म्हणून तुम्हाला मान, नाही आलं तर पेटी परत." हे कौसल्याला फार आवडलं. माहेरी ती कुणाची तरी पोर होती, सासरी कुणाची तरी बायको. काम येणारी बाई म्हणून तिला कुणी कधी मोजलंच नव्हतं. क्षयाच्या रोग्याबद्दल अंबूताईचा नियम एकच होता. गोळी हातात देऊन माघारी फिरायचं नाही, ती घशाखाली गेलेली डोळ्यांनी बघायची.

आणि गावात पहिला क्षयाचा रोगी निघाला तो बाबाजी. स्वतःच्याच घरात.

नवरा गोपाळ अळणावरच्या लाकडाच्या डेपोत कामाला, तो घरी यायचा बाजाराच्या आदल्या दिवशी. बाबाजीची बायको मागंच वारलेली. सासू भागीरथी, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे गोळी द्यायची तर कौसल्यानंच. तिनं आपल्यापरीनं वाट काढली. भल्या पहाटे, बाबाजी गोठ्यात असताना, ती मधल्या उंबऱ्यावर गोळ्या आणि पाण्याचा तांब्या ठेवायची आणि दाराआड भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. खाकरणं ऐकू यायचं, मग पाण्याचा घोट, मग तांब्या ठेवल्याचा आवाज. उंबरा मोकळा झाला की तिचं काम झालं. अंबूताई महिन्यानं आली की ती म्हणायची, "घेताहेत की भावजी. रोज."

खोटं तिनं एकदाही सांगितलं नाही. तिनं कानांनी बघितलं, एवढंच.

दिवाळीच्या आधी ती गोठ्याची भिंत लिंपायला बसली. गव्हाणीमागं एक भेग होती. बोटानं माती भरायला गेली तर आतून गोळ्या ओघळल्या. काही विरघळून भिंतीला चिकटलेल्या, काही तशाच कोरड्या. शेणामातीच्या हातांनी ती खालीच बसली. त्या आठवड्यात बाबाजीला पुन्हा रक्त पडलं होतं. परसातल्या राखेवर तिनं ते पाहिलं होतं आणि गोळ्या चालू असताना असं कसं, या विचारानं तिचं जेवण उडालं होतं. आता कळलं. अर्ध्या गावाला शहाणपण सांगत फिरणारी ही बाई, आणि दिव्याखाली अंधार.

अंबूताई आली, गोळ्या बघितल्या, आणि तिचा आवाज चढला. "पुन्हा अर्धवट सोडल्या तर हे औषधच लागू पडणार नाही. मग काय करशील? जा, समोर उभी राहा आणि विचार."

"समोर कशी जाऊ, अक्का?"

"मग पेटी दे. दुसरी बघते."

कौसल्या उठली, पेटी आणली आणि तिच्यापुढं ठेवली. पेटी जाणार याचं तिला रडू येत होतंच. पण दुसरी बाई येईपर्यंत भावजी जगतील का, हे त्याहून मोठं होतं. अंबूताईनं पेटीला हात लावला नाही. "दिवाळी होऊ दे," एवढं म्हणून ती दुपारच्या बसनं गेली.

हे सगळं भागीरथीनं चुलीपाशी बसून ऐकलं होतं. डोळे गेले तरी म्हातारीचे कान तिखट. दोन दिवसांनी ती भाकरी थापणाऱ्या सुनेला म्हणाली, "भाऊबीजेला कुणाला ओवाळतीस गे?"

"मला कुठला भाऊ, अव्वा?"

"माझ्या थोरल्याला ओवाळ की."

कौसल्याचा हात परातीतच थांबला. "यव्वा ग! भावजींना?"

"सुनेनं दिरापुढं जायचं नाही. बहिणीनं भावापुढं न जाऊन कसं चालंल? ओवाळलीस की बहीण झालीस. मग बघ, शिव्या दे, कान धर, कोण विचारतंय."

गोपाळ घरी आल्यावर त्याला हे सांगितलं. त्यानं जरा वेळ डोकं खाजवलं. "म्हणजे अण्णा माझा मेहुणा? आणि मी ह्याच घरचा जावई?" भागीरथी म्हणाली, "हो. पण रुसून बसू नकोस, तुला धोतरजोडी कोण देणार नाही." गल्लीत दोन दिवस गोपाळला 'जावईबापू' म्हणून हाका पडल्या. बाबाजी मात्र हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आईच्या शब्दाला त्यानं जन्मात कधी उत्तर दिलं नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी पाट मांडला. बाबाजी धुतलेला पटका बांधून येऊन बसला, मान खाली. कौसल्या ताट घेऊन आली. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता. तिनं कुंकू लावायला हात पुढं केला आणि त्यानं मान वर केली. गोपाळचंच नाक, पण गाल आत गेलेले, आणि डोळे भ्यालेल्या माणसाचे. इतकी वर्षं ह्या माणसाला ती भीत आली होती.

ओवाळून झालं. ताटात सुपारी होती आणि सुपारीशेजारी त्या दिवसाच्या गोळ्या. "ओवाळणी नको, दादा," ती म्हणाली. "एवढं माझ्यासमोर घ्या."

त्यानं गोळ्या तोंडात टाकल्या, तांब्या उचलला, घोट घेतला. तोच रोजचा आवाज. कौसल्या हलली नाही.

"तोंड उघडा."

त्यानं उघडलं.

"जीभ वर करा."

जिभेखाली गोळ्या होत्या. गोपाळ हसायला गेला, आईनं त्याच्या दंडावर चापट मारली. कौसल्याला एवढा संताप आला की दारातल्या बायका दचकल्या. "दादा! जीव द्यायचाय काय तुम्हाला? भिंतीला क्षय झालाय, म्हणून भिंतीला चारता?"

बाबाजीनं गोळ्या तळहातावर काढल्या.

"मळमळतंय गे," तो हळू म्हणाला. "उपाशीपोटी घेतली की आतडं वर येतंय. दिवसभर भाकरी जात नाही. भाकरी नाही तर नांगर कसा धरू?"

हे औषध पोटात काही घालून घ्यायचं, हे सप्तापुरात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ते कौसल्याला पाठ होतं. पण पहाटे तो गोठ्यात असतानाच तिला उंबऱ्यापर्यंत येता येत होतं, म्हणून गोळी पहाटेची झाली होती.

"मग सांगायचं नाही का?" तिचा आवाज फुटला. "एवढे दिवस एका घरात राहतोय. एक शब्द सांगायचा की!"

बाबाजीनं तिच्याकडे बघितलं.

"कुणाला?" तो म्हणाला.

कौसल्या उठली, चुलीवरची भाकरी आणली आणि बाबाजी शेवटचा घास आणि मागोमाग तळहातावरच्या गोळ्या गिळेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.