बाजेखालची शेगडी

माझ्या आईचा विजेवर कधीच भरवसा नव्हता. सुदर्शननं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, बीड बायपासला फ्लॅट घेतला आणि फुलंब्रीकडच्या आमच्या गावातून तिला शहरात आणलं, तेव्हा तिनं आठवड्याभरात घरातल्या सगळ्या यंत्रांशी वैर धरलं. गिझरचं बटण बंद केल्याशिवाय ती नळाला हात लावायची नाही. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी फ्रिजची पिन काढून ठेवायची, आणि मग दूध नासलं की शिव्या दूधवाल्याला. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की त्याच्यासमोर पाट घेऊन राखणीला बसायची. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे, कारण मी राहते गंगापूरला, येते महिन्या-दोन महिन्यांनी, आणि पाहुण्याला हसायला काय जातं.

तिचा भरवसा होता विस्तवावर. चूल, बंब, शेगडी ही तिची माणसं. खरं सांगायचं तर माझीही. सुदर्शन जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते. अंगणातल्या तांब्याच्या बंबात कापसाच्या पऱ्हाट्या जळायच्या, ते पाणी डोक्यावरून घेतलं की अंगातून वाफा निघायच्या. आणि बाळंतिणीची खोली. आत अंधार, सुतळीची बाज, बाजेखाली निखाऱ्यांनी भरलेली लोखंडी शेगडी आणि निखाऱ्यावर टाकलेला ओवा न् शेपा. मी आजीची नजर चुकवून आईच्या पायाशी शिरायचे. सुतळीच्या विणीतून ऊब वर यायची आणि पाठीत मुरायची. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, घरात गाद्या आहेत, रजया आहेत, पण त्या बाजेइतकं सुख मला कुठल्या अंथरुणात मिळालेलं नाही. आमच्या ह्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग माहेरीच राहा.

आईचं नाव सारजाबाई. आमच्या गावात तिनं किती जणींची बाळंतपणं केली असतील, सांगता येत नाही. सुईण नव्हती ती. बाळंतीण झाल्यावरचं काम तिचं, न्हाऊ घालणं, धुरी, शेक. कुणाच्या घरी म्हातारं माणूस नसलं की लोक तिला बोलवायचे आणि ती लुगड्याचा ओचा खोचून निघायची. या एका कामाचा तिला अभिमान होता. बाकी आयुष्यात अभिमान धरावा असं तिच्या वाट्याला फारसं काही आलंही नाही.

म्हणून सुदर्शनच्या बायकोला, रूपाला दिवस गेले तेव्हा आईनं आधीच सांगून टाकलं की बाळंतपण इथंच होईल. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण रूपाची आई ती शाळेत असतानाच गेलेली, माहेरी बाप आणि दोन भाऊ. आई तिला म्हणाली, आजपासून मीच तुझी आई. रूपा त्या दिवसापासून तिला नुसतं आई म्हणायला लागली, आणि तोंडदेखलं नाही, मनापासून. सासू-सुनेचं इतकं पटलेलं बघून मला थोडा मत्सर वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

मुलगी झाली. जानेवारी होता आणि त्या वर्षी थंडी मरणाची होती. सुदर्शननं विजेचा हीटर आणला. आईनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, याच्यावर ओवा कुठं टाकायचा? हीटर गेला माळ्यावर. गावाकडून टेम्पोत बाज आली, बाजेवर बांधून शेगडी आली, शहागंजातून कोळसा आला. आईची पद्धत कडक होती. कोळसा गॅलरीत पेटवायचा, सुपानं वारा घालायचा, धूर पार निघून जाईस्तोवर थांबायचं. निखारे लालभडक, बिनधुराचे झाले की मगच शेगडी आत. धुरानं लेकराचे डोळे बिघडतात, असं ती प्रत्येकीला बजावायची. धूर गेला की विस्तव निर्धोक, हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं, सासूला तिच्या सासूनं. आमच्या गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील.

गावातल्या घराला माळवद होतं आणि माळवदाला सवणं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक. दाराच्या फळ्यांत बोटं जातील एवढ्या फटी. फ्लॅटला सरकत्या काचा, त्या ओढल्या की मुंगीला वाट नाही.

पाच-सहा दिवस खिडकी बोटभर उघडी राहत होती, कारण बाहेर दोरीवर लंगोट वाळायचे. त्या दिवशी वारा सुटला म्हणून आईनं लंगोट आत घेतले, काच लावली आणि दाराखाली जुनं लुगडं दुमडून ठेवलं. मायलेकी न्हाऊन, शेक घेत झोपल्या. आई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. मधे एकदा तिनं डोकावून पाहिलं. पोरीचे गाल लाल झाले होते. शेकानं रंग उजळला म्हणून ती हरखली आणि झोपमोड नको म्हणून दार हळूच ओढून घेतलं. पुढं बऱ्याच वेळानं रूपा रांगत दारापर्यंत आली, ओकली आणि तिथंच पडली. मला फोन आला तेव्हा मी गंगापूरच्या बाजारात होते. मी दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेली होती. बारसंही व्हायचं होतं तिचं.

रूपाचं रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलं की बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठला. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस त्यानं असाच लालबुंद होऊन जातो. पोलिसांना जबाबही सुदर्शननंच दवाखान्यात दिला, आईला कुणी काही विचारलंच नाही. मग त्यानं मला जिन्याखाली नेलं आणि म्हणाला, ताई, आईला कळलं तर ती विहीर जवळ करेल. मलाही तेच वाटलं. आमच्या घरात खरं बोलण्यापेक्षा जपण्याला मान फार. आईला सांगितलं की पोरीच्या काळजाला जन्मतःच भोक होतं. रूपा शुद्धीवर आल्यावर तिला खरं सांगितलं आणि गप्प राहा म्हणूनही सांगितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. ते आम्ही होकार म्हणून घेतलं.

पुढची दोन वर्षं त्या घरात काय चाललं होतं ते मी पाहुणी असूनही पाहिलं. कुणी भेटायला आलं की आई सांगायची, देवानंच फुटकं काळीज देऊन पाठवलं, नाहीतर शेकाला आम्ही कमी पडू दिलं नव्हतं, रूपालाच विचारा. आणि रूपाला मान हलवावी लागायची. चहाचा ट्रे हातात, मान हलवतेय, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. मला त्या हाताचा राग यायचा, मग माझा मलाच यायचा. हे जपणं सगळं एकट्या रूपाच्या जिवावर चाललं होतं, आणि सुदर्शनला त्याचं काही वाटत नव्हतं. पुरुषांना घरात शांतता असली की पुरते, ती कोण पुरवतंय हे ते बघत नाहीत.

गेल्या थंडीत रूपाला पुन्हा दिवस भरत आले. आई गावी गेली आणि शेगडीला नवी जाळी बसवून घेऊन आली. सुदर्शनची धांदल सुरू झाली. आधी म्हणाला, सोसायटीत कोळसा पेटवायला बंदी आहे. आई खाली जाऊन सेक्रेटरीला भेटून आली, तो म्हणाला, आजी, गॅलरीत पेटवा, कोण नाही म्हणतंय. मग सुदर्शननं शेगडी पार्किंगमध्ये टायरांमागं लपवली. आईनं वॉचमनकडून ती शोधून आणवली आणि चोरी सापडली म्हणून दिवसभर खूश होती. शेवटी रूपाचं सिझर होऊन मुलगा झाला, तेव्हा त्यानं मला फोन केला, ताई, तू ये आणि काहीतरी कर. काहीतरी म्हणजे आणखी एक थाप. मी एसटीत बसल्याबसल्या ती तयार केली: या वेळी सिझर झालंय, टाक्यांना शेक चालत नाही.

आई म्हणाली, "टाक्याला तर शेकच पायजे. लवकर वाळत्यात."

खिडकी उघडी ठेवायला लावावी असंही मनात आलं, पण आमची पाठ वळली की ती काच ओढणार हे मला पक्कं ठाऊक होतं. बाळंतिणीला वारा लागू देईल तर ती सारजाबाई कसली.

रूपा मुलाला घेऊन घरी आली त्या दुपारी सुदर्शन त्यांना सोडून कामावर निघून गेला. पळालाच म्हणा. आई गॅलरीत उकिडवी बसून सुपानं वारा घालत होती. निखारे फुलले होते, धूर विरून गेला होता. तिनं पदराच्या बोळ्यानं शेगडीचे कान धरले आणि उचलली. रूपा बाळाला छातीशी धरून खोलीच्या दारात उभी राहिली. तिला धड उभंही राहवत नव्हतं, एक हात चौकटीला होता.

"आई, शेगडी आत आणायची नाही."

आई हसून म्हणाली की धूर गेलाय, बघ की. रूपा हलली नाही. मी मधे पडायला गेले, टाक्यांचं पुन्हा काही बोलायला लागले, तर तिनं मला मधेच तोडलं.

"पहिलीच्या काळजाला काही झालं नव्हतं, आई. ती शेगडीनं गेली. बंद खोलीत निखाऱ्याचा वायू कोंडतो. त्याला धूर नसतो. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

आईनं शेगडी खाली ठेवली. हात भाजत होते म्हणून ठेवली असेल, पण ठेवली अगदी हलकेच. मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

मी हो म्हणाले. मी रूपाला आधार देऊन बाजेवर बसवलं. आई आता रडेल, कपाळ बडवेल, जिन्याकडं धावेल, म्हणून मी बाहेरचं दार अडवून उभी राहिले. ती तांब्याभर पाणी घेऊन आली आणि निखाऱ्यांवर ओतलं. राख उडून तिच्या तोंडावर बसली, ती तिनं पुसली नाही. आत येऊन भिंतीला टेकून खाली बसली आणि एकेक विचारू लागली. दार लावलं तरच होतं का ते? खिडकी उघडी असली तर? छताला भोक असलं तर? मी सांगत गेले. मला वाटलं, ती स्वतःला सोडवायला वाट शोधतेय, शोधू दे.

"अन् सवणं बुजवलं तर?" तिनं विचारलं.

मला कळेना. मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता, आमच्याकडं न बघता.

"तुझ्या पाठचा एक व्हता, तनू. तू तवा लई ल्हान. असाच हिवाळा, पिकं करपली व्हती थंडीनं. तुझ्या बापानं दाराच्या फटीत पोती कोंबली, सवण्यावर फरशी टाकली. पाचवी झाली अन् दुसऱ्या दिवशी ते उठलंच नाय. सासू म्हणली, सटवाईनं नेलं, तिच्या लिहिण्याम्होरं कुणाचं चालतंय. म्या म्हणलं, लेकरू तर लाल गुलाबावानी दिसतंय, गेलेलं लेकरू असं आसतं का? कुणी ऐकलं नाय. मंग म्या बी गप बसले. मला बी तवा लई उलट्या झाल्या व्हत्या."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, आई, त्याचा याच्याशी काय संबंध, तेव्हा दुसरं काही झालं असेल.

"आता तरी खोटं बोलू नको," ती म्हणाली.

थोड्या वेळानं ती गावातल्या बायकांची नावं घ्यायला लागली. लीलाबाईची दुसरी. सांडूच्या बायकोचं ते थोरलं. नाव घ्यायची, थांबायची, ओठ हलायचे, मग पुढचं नाव. कुठली लेकरं आपसूक गेली आणि कुठली तिच्या शेकानं, याचा निवाडा ती करत होती आणि तो होत नव्हता, कारण दार लावलं होतं की नव्हतं हे इतक्या वर्षांनी कोण सांगणार. मी कानांवर हात ठेवले. मला खरंच ते ऐकवत नव्हतं. आम्ही दोन वर्षं तिला एका मरणापासून जपलं, आणि आता ती गावभरची मरणं पदरात घेऊन बसली होती.

रूपाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती टाके सांभाळत उठली, आईसमोर येऊन बसली आणि बाळ पुढं केलं. "घ्या, आई," ती म्हणाली. "न्हाऊ तुम्हीच घालायचं आहे."

आईनं हात पाठीमागं नेले. "तुझ्यापाशीच राहू दे," म्हणाली.

तिनं जीव दिला नाही. सुदर्शन म्हणतो, बघ, उगाच भीत होतो आपण. ती जेवते, भाजी निवडते, गिझरचं बटण लावते आणि ते चालू असतानाच नळ सोडते. घरात गरम पाणी भरपूर आहे, आणि बाळाला न्हाऊ घालायला बाई लावलीय. बाळाचं नाव कृष्णा, तो आता रांगतो. सगळं घर सोडून तो तिच्याकडंच जातो, तिच्या गुडघ्याला धरून उभा राहायला बघतो. आई हात वर धरून बसते, त्याला लागू नयेत म्हणून, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारते, रूपा, ये बाई, तुझं लेकरू उचल.