शिसं धरून बसलेला घुरवा

मी एक जुना उकिरडा आहे. नाक दाबू नका, मित्रांनो. मी चांगला मुरलेला आहे, माझा वास येत नाही. रायपुरात मला घुरवा म्हणतात. सिलतऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, सत्यभामाबाईंच्या घरामागे, भाजीच्या वाफ्यांशेजारी माझा खड्डा आहे.

माझं कुळ मोठं आहे. शेजारच्या गायीचं शेण, भाजीची देठं, चहाचा चोथा आणि गणपतीचं निर्माल्य. पूर्वी ते तलावात जायचं, आता माझ्याकडे येतं. देवाच्या गळ्यातला हार शेवटी माझ्या अंगावर पडतो, हे मी स्वतःहून कोणाला सांगत नाही. आज विषय निघाला म्हणून सांगितलं.

सत्यभामाबाईंची लाल भाजी, म्हणजे लाल माठ, साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नावाजलेली. पण त्यांची भाची ऋता माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिनं पहिली माती मावशीच्याच घरची नेली. या जागेवर पूर्वी कोणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडायचं. मातीत शिसं निघालं.

मुलगा नीलेश लगेच म्हणाला, "आई, ये जगह पक्की कर देते हैं. गाडी भी खडी हो जाएगी."

"अन् लाल भाजी का डिक्कीत पेरू?" सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र रडवेला झाला होता.

ऋता म्हणाली, "मावशी, थांब जरा. मुरलेलं खत शिशाला धरून ठेवते, मुळांकडे फारसं जाऊ देत नाही. कच्चं टाकू नको, ते पाण्यात विरघळून शिशाला सोबत घेऊन फिरते. अन् तपासल्याशिवाय पान तोंडात घालायचं नाही."

मग टोपल्या भरभरून मला वाफ्यांत मिसळलं. शिसं हा चिवट पाहुणा. जळत नाही, कुजत नाही, निघतही नाही. मी त्याला धरलं आणि बसलो. नुसतं बसून राहणारे तुम्ही कचेऱ्यांत पुष्कळ पाहिले असतील. माझ्या बसण्याचा मात्र उपयोग झाला.

पुढच्या हिवाळ्यात भाजी तपासली. खायला हरकत नाही, असा निकाल आला. घरात लसणाची फोडणी कडकडली. माझी छाती, म्हणजे जो काही उंचवटा आहे तो, फुगून आला.

तेवढ्यात नीलेश म्हणाला, "देखा, शिसा निकल गया! अब घुरवे का क्या काम? इसको पाट देते हैं."

आणि आनंदाच्या भरात सत्यभामाबाई "हव" म्हणून गेल्या! मला बुजवून वर गाडी. सत्कार असा असतो, मित्रांनो.

जेवायला आलेल्या ऋताचा घास हातातच राहिला. "मावशी, शिसं कुठंच गेलं नाही. तिथंच आहे. या खतानं धरून ठेवलंय. खत हळूहळू संपत जाते. नवं टाकलं नाही, तर शिसं पुन्हा सुटेल."

सत्यभामाबाई ताटावरून उठल्या. सालांची बादली उचलून त्यांनी माझ्यावर रिकामी केली आणि तिथूनच ओरडल्या, "नीलेश, गाडी बाहेरच राहू दे! तिले शिशाची भीती नाही!"

मित्रांनो, मी आजही शिसं धरून बसलो आहे. हात सोडायची माझी इच्छा नाही, पण उपाशीपोटी कोणाची पकड टिकते? म्हणून एवढंच मागतो. माझ्याजवळून जाताना एका हातानं नाक दाबलंत तरी चालेल. दुसऱ्या हातात सालांची बादली असू द्या.