कपाळावरची आठी

अमेरिकन फुटबॉलात क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव सांगून बॉल फेकणाऱ्याने, मैदानावर खांदे ताठ ठेवावेत की नाही, चूक झाली तर मान खाली घालावी की नाही, यावर कान शाबूत असलेले, ऐकणारे लोक वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने लिहितात. मला हसू येतं. त्यांच्या क्वार्टरबॅकला आवाज असतो. तोंड वाकडं झालं तरी आवाज गोड ठेवला की त्याचं भागतं. आमच्या बहिऱ्यांच्या शाळेत ती सोय नव्हती. कोंडाळं करून उभं राहिलं की सगळ्यांचे डोळे त्या एकावर, कारण पुढचा डाव त्याच्या हातांतूनच कळायचा. त्याच्याकडे बघायचं नाही म्हटलं तर खेळणार कसं?

मी सेंटर होतो. म्हणजे मधोमध वाकायचं, बाजूच्या मोठ्या ढोलाचा तिसरा ठोका छातीत बसला की बॉल पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा, आणि समोरच्या धटिंगणाला अंगावर घ्यायचं. मला सगळे ‘कपाट’ म्हणत. दोन्ही हातांनी दारं उघडल्यासारखं केलं की तो मी. आमच्यात असं नाव मागून मिळत नाही, इतरांनी ठेवावं लागतं. लायल थॉर्सन शाळेत आला त्या आठवड्यातच त्याचं नाव ठेवून झालं. दोन भुवयांच्या मधे बोट उभं धरायचं. आठी.

लायलही बहिराच, पण मिलबर्गच्या ऐकणाऱ्यांच्या शाळेतून आला होता. आमची हातांची भाषा तो सोळाव्या वर्षी आमच्याकडे येऊन शिकला, आणि भराभर शिकला, हे मान्य करायला हवं. बॉल तर असा फेकायचा की ढोल वाजवणारा म्हातारा हॅलवर हातातली काठी तशीच धरून बघत राहायचा. मीही बघायचो. मला तो आवडत नव्हता तरी बघायचो.

अडचण एमेटची होती. एमेट क्वाम माझा वसतिगृहातला सोबती. पळायला लागला की कोणाच्या हाती लागत नसे, त्यामुळे लायलचे निम्मे बॉल त्याच्याकडेच जायचे. एखादा सुटला की लायल त्याला हातांनी सांगायचा, “हरकत नाही. पुढचा झेल.” शब्द अगदी बरोबर. पण कपाळावर ती आठी, ओठांचा एक कोपरा खाली, आणि वाटेत काहीतरी घाण दिसावी तशी मान वळवलेली. आमच्या भाषेत हात एक आणि चेहरा दुसरंच म्हणाला, तर खरं चेहऱ्याचं धरतात. चार वर्षांच्या पोरालाही ते कळतं. सप्टेंबर संपेपर्यंत एमेटची अशी गत झाली की बॉल हवेत असतानाच तो वळून लायलच्या तोंडाकडे बघायचा. मग बॉल सुटणारच.

“मी सोडतोय,” दुपारी जेवताना एमेट मला म्हणाला.

“बटाटे?”

“खेळणं. तो हातांनी समजूत काढतो आणि तोंडाने शिव्या घालतो, दोन्ही एकदम. आमच्या घरी कुत्र्यालासुद्धा असं कोणी वागवत नाही.”

“आधी जेव. नाहीतर ते बटाटे इकडे दे.”

“तुला खाण्याशिवाय काही सुचतं का रे, कपाटा?”

“सुचतं ना. त्याचं नाक फोडावंसं वाटतं.”

आमच्यात कुजबुज करायची सोय नाही. बोललेलं अख्ख्या जेवणघराला दिसतं. चार टेबलं पलीकडे बसलेल्या कोच रीमरना ते दिसलं, आणि लायललाही. कोच उठले. ते आमच्यासारखेच, याच शाळेत शिकलेले, हसले तरी मिशीखाली हसणारे. लायलसमोर उभं राहून ते म्हणाले, “मिलबर्गचा सामना होऊ दे. मग मी पोरांना विचारणार आहे, क्वार्टरबॅक कोण हवा. ते म्हणतील तो.”

लायलने हातातला काटा खाली ठेवला. मिलबर्गच्या शाळेत तो तीन वर्षं नुसता बाकावर बसून होता. कोचचं बोलणं समजत नाही म्हणून त्याला कधी खेळायलाच उतरवलं नव्हतं. त्या संघासमोर क्वार्टरबॅक म्हणून उभं राहायचं, एवढ्यासाठी तो पहाटे उठून एकटा बॉल फेकायचा. आणि त्यानंतर लगेच आम्ही त्याला काढून टाकू शकत होतो.

दुसऱ्या दिवशी सरावाला कोचनी स्वतःच्या कमरेचा पट्टा काढला आणि लायलचे हात मागे बांधले. “आज तुझ्या हातांना सुट्टी,” ते एका हाताने म्हणाले, कारण दुसऱ्या हाताने त्यांना पँट धरून ठेवावी लागत होती. आम्ही फिदीफिदी हसलो. मग कोचनी पँट सोडून बॉल एमेटकडे फेकला, घाईघाईने पँट पुन्हा धरली, आणि एवढ्यात एमेटच्या हातून बॉल सुटला.

“आता सांग त्याला काय सांगायचं ते,” कोच लायलला म्हणाले.

लायलने एमेटकडे पाहिलं. कोच आमच्याकडे वळले. “काय म्हणाला?”

“‘मूर्ख’ म्हणाला.”

“‘आंधळा आहेस का’ म्हणाला.”

“मला तर तो एमेटच्या आजीपर्यंत पोचलेला दिसला,” मी म्हणालो.

कोचनी पट्टा सोडला. लायलचे हात लगेच बोलू लागले. “मी दर वेळी ‘हरकत नाही’च म्हणालो. अगदी मनापासून.”

“आणि तोंडाने काय म्हणालास?”

“तोंडाने?” तो कोचकडे बघतच राहिला. “माझ्या तोंडाकडे कोण बघतं?”

मग त्यानेच सांगितलं. “घरी आई भांडी घासताना बोलते, पाठ माझ्याकडे. बाबा गाडी चालवताना बोलतात. शाळेत मी मागे बसायचो. माझ्याशी बोलायला कोणी वळत नाही. मला वाटलं, तोंड हे माझं माझ्यापुरतं आहे.”

मी त्याला माजोरडा समजत होतो, आणि त्या पोराला आपण दिसतो हेच ठाऊक नव्हतं. एमेट खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती बांधलेलीच होती.

त्यानंतर एमेटने खेळणं सोडायचं नाव काढलं नाही. उलट रोज जेवताना लायलला समोर बसवायचा. लायल हात मांडीखाली घालून नुसत्या चेहऱ्याने मीठ मागायचा आणि एमेट त्याला मोहरीची चटणी द्यायचा. “गाडी गेली,” एमेट म्हणायचा, म्हणजे कळलं नाही, पुन्हा सांग. लायल पुन्हा मागायचा. भुवया वर घे, हनुवटी थोडी पुढे कर, मग तो प्रश्न होतो, नाहीतर हुकूम होतो, हे एमेट त्याला शिकवत होता. आठी पडली की एमेट टेबलावरून हात लांब करून ती अंगठ्याने पुसायचा. पुसलेली आठी घटकाभराने परत यायची. मिलबर्गचा सामना ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी होता, आणि ती जाईल यावर मी माझा एक बटाटाही लावला नसता.

त्या शनिवारी दुपारी माजी विद्यार्थ्यांनी लाकडी पायऱ्या भरून गेल्या होत्या. लायलचे आईबाप आले होते, पण गाववाल्यांबरोबर समोर, मिलबर्गच्या बाजूला बसले होते. खेळ आम्हाला जड गेला. मिलबर्गची पोरं दांडगी होती, माझ्या बरगड्यांना ते अजून आठवतं. तरी लायलने आम्हाला त्यांच्या शेवटच्या रेषेजवळ नेलं. आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि हातात दोन डाव उरले होते. रेषा ओलांडली तर जिंकणार होतो.

पहिल्या डावात एमेट रेषेपलीकडे साफ मोकळा होता. लायलचा बॉल त्याच्या छातीवर आला आणि खाली पडला.

आम्ही सगळे लायलकडे वळलो. मी मुद्दाम वळलो नव्हतो, मान आपोआप वळली. आता येईल ती आठी, असं मला वाटलं. लायल एमेटसमोर जाऊन उभा राहिला. हात खाली सोडलेले. भुवया वर गेल्या, हनुवटी जराशी पुढे आली. रोज मीठ मागायचा तसाच चेहरा. पुन्हा?

एमेटने मान डोलावली.

ढोलाचा तिसरा ठोका बसला, मी बॉल मागे दिला, आणि समोरच्या दोघांनी मला उताणं पाडलं. त्यामुळे बॉल मला दिसलाच नाही. वर आकाश आणि त्यात लायलचं तोंड, एवढंच दिसत होतं. त्याने बॉल फेकला, तो जाताना बघितला, मग भुवया वर गेल्या आणि हनुवटी जराशी पुढे आली. झेलला की सुटला, मला काही कळेना. पाठीखालची जमीन थरथरत होती, पण नाचणारे आमचे होते की त्यांचे, हे जमीन सांगत नाही.

मी उठून बसलो. एमेट रेषेपलीकडे गुडघ्यांवर होता आणि बॉल त्याच्यामागे गवतात पडला होता. मिलबर्गची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. आम्ही हरलो होतो.

लायल एमेटकडे चालत गेला. तोच चेहरा. पुन्हा? आता पुन्हा काही नव्हतं, खेळ संपला होता. एमेट बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होता. काहीतरी लपलेलं सापडतंय का ते शोधत असावा. मग त्याने मान डोलावली आणि उठला.

लायलने बॉल आणून माझ्यासमोर ठेवला. मी वाकलो. कोणी कोणाला बोलावलं नाही, तरी सगळे आपापल्या जागी येऊन उभे राहिले. कोच ढोलवाल्या हॅलवरच्या शेजारी गेले आणि म्हणाले, “वाजव.” मिलबर्गची पोरं हेल्मेटं हातात धरून बघत राहिली. आमच्यासमोर कोणीच नव्हतं.

तिसरा ठोका. बॉल मागे देऊन मी वळलो, कारण त्या एका डावात मला पाडणारं कोणी नव्हतं. बॉल माझ्या डोक्यावरून गेला. एमेटने एकदाही लायलकडे वळून पाहिलं नाही, तो बॉलकडेच बघत होता. त्याने तो दोन्ही हातांनी झेलला आणि छातीशी धरून उभा राहिला. आमचे माजी विद्यार्थी पायऱ्यांवर पाय आपटू लागले आणि ते थेट माझ्या पोटरीत शिरलं. इतकं थोर काही मी त्या मैदानावर आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. क्वार्टरबॅक कोण हवा, हे कोचनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही.

लायलची आई उतरून मैदानाच्या दोरीपाशी आली होती. बॉल कुठे गेला हे तिने पाहिलंच नव्हतं. ती लायलच्या तोंडाकडे बघत होती, आणि वळल्यावर ते त्यालाही दिसलं. त्याने भुवया वर केल्या, हनुवटी जराशी पुढे केली. आमच्या भाषेतला एक शब्दही त्या बाईला येत नव्हता. तिने मान डोलावली.