जुन्या पुलाजवळ

मंजुळाने जवळ्याची सुकी मासळी निवडायचं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि नातीपुढे इंग्रजीचं पुस्तक उघडून ठेवलं.

"मना शिकव," ती आपल्या कोळी बोलीत म्हणाली, "मना पन इंग्रजी येऊ दे."

हेमांगीने मोबाइलवरून नजर उचलली नाही. दहावीत इंग्रजीत नापास झाल्यापासून ती घरात पाहुण्यासारखी वावरत होती. फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला उद्याचा एकच दिवस उरला होता. तिची आई श्वेता सांगून सांगून थकली. शाळेचं तोंड बघणार नाही, हेच पोरीचं पालुपद. मंजुळाने मात्र एकदाही विषय काढला नव्हता. तिला स्वतःला अक्षरं भेटली पंचावन्नाव्या वर्षी, महिला मंडळाच्या वर्गात. लाज कुठे ठणकते, ते तिला ठाऊक होतं.

"आजी, तुला काय करायचंय प्रीपोझिशनल फ्रेजचं?"

"समोरच्या नव्या टॉवरमधल्या बायकांशी इंग्रजीत भांडायचंय. वाच."

हेमांगी नाइलाजाने सरकली. इन, ऑन, नियर असा छोटा शब्द शोधायचा आणि तिथून रेघ मारायची, असं तिने उरकून सांगितलं. रेघ कुठवर न्यायची, ते सांगितलं नाही. ‘द बोट इज नियर द ओल्ड ब्रिज.’ एकेका शब्दावर बोट ठेवत तिने अर्थ सांगितला, ‘नियर द ओल्ड’खाली रेघ ओढली आणि पुस्तक मिटू लागली.

मंजुळाने पानावर हात ठेवला.

"होडी कशाजवळ?"

"जुन्या..."

"जुन्या कशाजवळ?"

हेमांगी थांबली. पेन्सिल हळूच पुढे सरकली आणि ‘ब्रिज’पाशी टेकली. मग तिने वर्गात सोडवलेली वरची वाक्यं पुन्हा बघितली आणि खोडरबर शोधायला उठली.

पुढचं वाक्य मंजुळाने घेतलं. आई चटईवर झोपते, असा त्याचा अर्थ. तिने ‘मदर’खालीच रेघ मारली. हेमांगी हसली, समजावू लागली. त्यापुढचंही चुकलं, त्याच्यापुढचंही. पोरगी आता मांडी ठोकून, आवाज चढवून शिकवत होती. श्वेताने जेवायला हाक मारली, तर म्हणाली, थांब गं, आजीची पार वाट लागलीय.

धडा संपल्यावर तिने पुस्तक मिटलं.

"उद्या सकाळी नाय जमणार. फॉर्म भरायला जाते. दुपारी बसू."

"बरं."

"पन मुद्दाम चुकायचं नाय, आजी."

मंजुळाने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"होडीचं मना खरंच कळलं नव्हतं," ती म्हणाली.

हेमांगीने मान खाली घातली.

"मना पन."