चार घरांत जन्मलेला गाडा

मी जिना चढणारा गाडा बोलतोय. सध्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात पडून आहे. अंगावर रंगाचे रिकामे डबे ठेवलेत. ठेवोत. ओझं वाहणं माझं कामच आहे. पण कुठे न जाता वाहायचं, याचा कंटाळा आलाय.

शेवटच्या वर्षाच्या चौघांनी प्रोजेक्ट म्हणून मला करायला घेतलं. म्होरकी एक मुलगी. सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिची आई शिवणकाम करते, तिसऱ्या मजल्यावर राहते. कापडाचे गठ्ठे डोक्यावरून वर नेता नेता बाईचे गुडघे गेले. मी तिच्यासाठीच.

कॅप्टनने भिंतीवर वर्षाचा तक्ता लावला. सांगाडा एकाकडे, चाकं दुसऱ्याकडे, ब्रेक तिसऱ्याकडे, दांडा तिच्याकडे. ज्याने त्याने आपापल्या घरी काम करायचं. जोडणी? तिला शेवटचा आठवडा.

"जोडायचं काय त्यात, नट आवळायचे!" ती म्हणाली. कुणी हरकत घेतली नाही.

म्हणून माझा जन्म चार घरांत झाला, सुटासुटा. दर सोमवारी चौघं भेटत, "माझं होत आलंय" म्हणत, तक्त्यावर हिरवी खूण करत आणि चहाला जात. एकमेकांचा भाग कुणी पाहिला नाही. माणसाला विचारलं की तो 'होत आलंय' म्हणणारच. वस्तू समोर ठेव म्हणावं, मग कळतं घोडं कुठे पेंड खातंय.

शेवटच्या आठवड्यात भाग एकत्र आले. चाक आसावर जाईना.

"आस एवढा जाड कसा रे?" चाकंवाला सांगाडेवाल्यावर खेकसला.

"दुकानात बारीक रॉड नव्हता. जाड घेतला. मजबूत!"

"मग सांगायचं नाही होय?"

"तू विचारलंस?"

"शहाणाच आहेस!"

आठवडा आस कानशीने घासण्यात गेला. माझी सालं निघाली. ब्रेक पिशवीतच राहिला.

परीक्षेला मी रिकामा झकास चढलो. सर म्हणाले, "आता वजन टाका." कॅप्टनची आई पाहायला आली होती, स्वतःचा गठ्ठा घेऊन. तिने तो पुढे केला. कॅप्टनने तिचा हात धरला.

"नको आई. ब्रेक नाही बसवलेला. गाडा मध्येच सुटला तर खालच्याचा जीव जाईल."

"मग वर्षभर काय करत होतात गं?"

सरांनी काठावर पास केलं. आईने गठ्ठा डोक्यावर घेतला आणि ती निघाली.

पोरीने मार्क सोडले, खोटं रेटलं नाही. ते मी मानतो. पण त्याने आईचा जिना कमी झाला नाही.

"ब्रेक सुट्टीत बसवू" म्हणत चौघं नोकरीला लागले. नवी पोरं येतात आणि माझ्या चाकांवर डोळा ठेवतात. पोरांनो, चाकं मागू नका. ब्रेकची पिशवी माझ्या दांड्यालाच लटकतेय. दुपारभराचं काम आहे. ब्रेक बसवा आणि मला त्या बाईच्या दारी सोडून या.